बिराजदारबाईंची कण्हेर

बिराजदारबाईंना झाडांचे लाड केलेले खपत नसत. एखादी मुलगी फार प्रेमात येऊन कण्हेरीच्या बुडाशी दुसरा तांब्या ओतायला लागली, की व्हरांड्यातून आवाज यायचा, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. आमच्या शाळेत घरी कानडी बोलणाऱ्या मुली होत्या, विणकरांच्या घरातल्या तेलुगू बोलणाऱ्या होत्या, मराठी तर होत्याच. पण हा एक शब्द सगळ्यांना कळायचा. वर्गात उत्तर लांबलं तरी साकु आणि स्टाफरूममध्ये कुणी कुणाची निंदा करायला लागलं तरी साकु.

मी त्या शाळेत लागले बहात्तरच्या जूनमध्ये. मूळची अकलूजकडची, त्यामुळे डोळ्यांना उसाच्या हिरवेपणाची सवय. सोलापूरच्या कडेला, जिथे वस्ती संपून माळ सुरू होतो तिथे मुलींची ही शाळा होती. दगडी इमारत, पत्र्याचा व्हरांडा आणि समोर नुसता मुरूम. त्या आवारात सावली म्हणून काय ती झेंड्याच्या खांबाची. मी पहिल्या दिवशी सहज म्हणाले, "इथे गुलाब लावले तर किती छान दिसेल."

शास्त्र शिकवणाऱ्या बिराजदारबाई वही तपासत होत्या. उंच, हाडापेराने मजबूत, इरकली लुगडं, कपाळावर विभूतीच्या तीन पुसट रेघा. वय पंचेचाळीसच्या आसपास. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "तुझ्या गावाला पाटाचं पाणी आहे. इथं पाणी मागणारं झाड लावायचं म्हणजे त्याला फसवायचं. बोलावून आणायचं आणि उपाशी ठेवायचं."

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. शाळेत टँकर येईल तेव्हा पाणी, नाहीतर नाही. गुलाबाचा विषय निघालाच नाही. पण ऑगस्टच्या अखेरीस स्टाफरूमच्या खिडकीत शाईच्या रिकाम्या बाटल्यांची रांग लागली. प्रत्येक बाटलीत पेन्सिलीएवढ्या जाडीची एक फांदी. बाईंनी ती कण्हेर त्यांच्या गावाहून, दुधनीजवळच्या एका वाडीवरून, एसटीत मांडीवर घेऊन आणली होती. खालची पानं काढून टाकलेली, वरची चार ठेवलेली. तीन आठवड्यांनी पांढरी मुळं सुटली. मग शनिवारी शाळा सुटल्यावर वरच्या वर्गातल्या मुलींना घेऊन बाई स्वतः पहार घेऊन मुरूम फोडायला उभ्या राहिल्या. कुंपणाच्या कडेने चाळीस खड्डे. खड्डे त्या कानडीत मोजायच्या, "ओंदु, एरडु, मूरु," आणि घाम पुसायला थांबल्या की आकडा विसरून पुन्हा पहिल्यापासून.

पाण्याची सोय त्यांनी अशी केली की शाळा सुटताना प्रत्येक मुलीने आपल्या बाटलीतला शेवटचा घोट ठरलेल्या झाडाला द्यायचा. जास्त नाही. आम्ही शिक्षिका हात धुवायचो ते पाणी एका पत्र्याच्या डब्यात पडायचं, तेही तिकडेच जायचं. माझ्या वाट्याला फाटकाजवळची दोन झाडं होती. मी एकदा घरून चांगली कळशीभर पाणी आणलं आणि दोघांना अर्धं अर्धं दिलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बाजूला घेतलं.

"सुमन, किती दिवस देणार आहेस असं पाणी?"

"जमेल तितके दिवस."

"मग नको देऊस. वर पाणी मिळालं की मुळं वरच राहतात. थोडं दे, म्हणजे ती खाली शोधायला जातील. तू सुट्टीला अकलूजला गेलीस की कुणाच्या जिवावर जगायचं त्यांनी?"

चाळीसातली सहा गेली, चौतीस जगली. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, जेव्हा डांबरावर चप्पल चिकटत होती, तेव्हा आमच्या शाळेच्या कुंपणावर गुलाबी आणि पांढरी फुलं उभी होती. लोक सायकल थांबवून बघायचे. सोमवारी सकाळी शेजारपाजारच्या बायका महादेवासाठी फुलं मागायला यायच्या. बाई त्यांना स्वतः तोडून द्यायच्या आणि वर सांगायच्या, "देवाला वाहा, घरी जाऊन हात धुवा. पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नका."

कारण कण्हेर विषारी. ही गोष्ट बाईंनी कधी लपवली नाही, उलट त्यांनी तिचाच धडा केला होता. एकदा पाचवीतल्या एका मुलीने खेळता खेळता कण्हेरीची काडी चावली. बाईंनी तिला चुळा भरायला लावल्या, टांगा बोलावला आणि इस्पितळात नेलं. मुलीला काही झालं नाही, पण बाई संध्याकाळपर्यंत तिच्या उशाशी बसून होत्या. दुसऱ्या दिवशी पालकांमधून कुणीतरी म्हणालं, असली झाडं शाळेत ठेवायचीच कशाला. बाईंनी त्या गृहस्थांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर एक फांदी मोडली, तिचा पांढरा चीक दाखवला आणि अर्धा तास बोलल्या. पान कसं असतं, चीक डोळ्यात गेला तर काय करायचं, फांद्या जाळायच्या का नाहीत, कारण धूरसुद्धा विषारी. शेवटी म्हणाल्या, "ओळखता आलं म्हणजे भ्यायचं कारण नाही." त्यानंतर आमच्या शाळेतली पहिलीतली पोरगीसुद्धा कण्हेरीला हात लावला की नळाकडे पळायची.

छाटणीचं त्यांचं एक ठरलेलं वेळापत्रक होतं. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली की छाटणी. वर्षातून तेवढीच एक मेहनत. बाकी खत नाही, औषध नाही. फुलून गेलेल्या फांद्या निम्म्यावर आणायच्या आणि छाटलेलं सगळं शाळेच्या मागे खड्ड्यात पुरायचं. ही पुरण्याची गोष्ट त्या कुणावर सोडत नसत. शाळेच्या मागच्या माळावर दर हिवाळ्यात भिवा नावाचा धनगर मेंढरं घेऊन उतरायचा. छाटणी झाली की त्याच संध्याकाळी बाई त्याच्याकडे चालत जायच्या. "ओल्या पानाला तुझं मेंढरू तोंड लावणार नाही, कडू असतं. वाळलं की कडूपणा मरतो, विष मरत नाही. कुंपणाच्या बाहेर एखादी फांदी दिसली तर मला हाक मार." भिवा म्हणायचा, "व्हय बाई, ध्यानात हाय की."

आता देसाईबाईंबद्दल सांगायला हवं. विमल देसाई. बिराजदारबाईंच्याबरोबरच शाळेत लागलेल्या, त्यांच्याहून सहा महिन्यांनी धाकट्या, आणि त्यांची शाळेतली एकुलती एक मैत्रीण. बाकी सगळ्यांना बिराजदारबाई 'अहो-जाहो' किंवा 'अगं' म्हणायच्या. "विमे" असं त्या एकाच माणसाला म्हणायच्या, आणि त्यांना 'महादेवी' म्हणणारंही तेच एक माणूस. देसाईबाईंचे यजमान छातीच्या दुखण्याने मिरजेला इस्पितळात होते, तेव्हा देसाईबाई आठवड्यातून तीन दिवस तिकडे असायच्या. त्यांचे इतिहासाचे तास बिराजदारबाईंनी सहा महिने घेतले. शास्त्राच्या बाई इतिहास शिकवतात म्हणून मुली हसायच्या. बाई रात्री वाचून यायच्या आणि देसाईबाईंच्याच टिपणवहीतून शिकवायच्या, म्हणजे त्या परत आल्यावर धागा तुटायला नको. हजेरीपटावर काय लिहिलं जात होतं ते मुख्याध्यापिकांना ठाऊक होतं, आम्हालाही ठाऊक होतं, कुणी बोललं नाही.

पंचाहत्तरच्या अखेरीस मुख्याध्यापिका निवृत्त व्हायच्या होत्या. क्रमाने ती जागा बिराजदारबाईंची. त्यांनी संस्थेला लिहून दिलं की मला प्रयोगशाळा सोडायची नाही, देसाईबाईंचा विचार व्हावा. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तिला दोन पोरं आहेत, नवरा अजून घरी बसून आहे. आणि मला खुर्चीत बसून सह्या करायला कंटाळा येतो." डिसेंबरपासून देसाईबाई प्रभारी मुख्याध्यापिका झाल्या. कायम होण्याआधी एक तपासणी व्हायची होती. शिक्षण खात्याचे साहेब फेब्रुवारीच्या सुरुवातीला येणार होते.

जानेवारीच्या शेवटी बाईंनी छाटणी केली. गुरुवार होता. सगळ्या फांद्या मागच्या भिंतीशी रचून ठेवल्या, शुक्रवारी पुरायच्या म्हणून. गुरुवारी संध्याकाळी दुधनीहून निरोप आला की आई अत्यवस्थ आहे. बाई तशाच निघाल्या. निघताना देसाईबाईंच्या टेबलाशी थांबल्या. मी त्याच खोलीत कपाटात वह्या लावत होते, दोघींपासून चार हातांवर.

"विमे, ढीग पुरून घे उद्याच. नरसम्माला सांग, खड्डा काढलेला आहे. आणि भिवाला मी अजून भेटले नाही, तेवढं कळव. वाळला तर धोका आहे."

"अगं जा तू, मी बघते. आईकडे लक्ष दे."

बाई गेल्या. शुक्रवारी पुरणं झालं नाही. शनिवारीही नाही, तपासणीची कागदपत्रं, भिंतींना चुना, तक्ते, सगळी धावपळ. सोमवारी साहेब यायचे म्हणून रविवारी नरसम्मा शिपाईणबाईंना बोलावून आवार झाडून घेतलं. तो वाळलेला ढीग डोळ्यांना खुपत होता. तो भिंतीपलीकडे माळावर गेला.

तपासणी उत्तम झाली. साहेबांनी कुंपणाचं कौतुक केलं. मंगळवारी सकाळी भिवा फाटकाशी आला. खांद्यावर एक मेलेली मेंढी होती. ती त्याने शाळेच्या पायरीवर ठेवली आणि म्हणाला, "अशी नऊ हायत." त्याच्या मागे माळावरची चारपाच माणसं होती. तो ओरडत नव्हता. नुसता विचारत होता, "बिराजदारबाई कुटं हायत?"

बाई त्याच दुपारी परतल्या. आई गेली नव्हती, पण अंथरुणाला खिळली होती. फाटकातच त्यांना सगळं कळलं. पिशवी माझ्या हातात देऊन त्या सरळ माळावर निघाल्या, मी मागोमाग. भिवा पालाजवळ बसला होता. बाई त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"बाई, दर साली तुमी सोता येऊन सांगत हुता," तो म्हणाला. "औंदा का न्हाई आला?"

"मी गावाला गेले होते."

"मग कुनाला तरी सांगून जायचं की. मी तुमच्या भरवशावर हुतो. दुसऱ्या कुनाच्या कुंपनाजवळ मी मेंढरं न्हेत न्हाई."

सांगून गेले होते, एवढं एक वाक्य बाईंना म्हणता आलं असतं. त्यांनी पडलेलं एक वाळकं पान उचललं, त्याची मधली शीर त्याला दाखवायला लागल्या, वाळल्यावरसुद्धा हे असं ओळखायचं. भिवाने पान हातात घेतलं नाही. "आता वळखून काय करू, बाई?"

परत येताना बाई एवढंच म्हणाल्या, "विमलला विसर पडला असेल. तपासणी होती ना. ती सांगेल उद्या."

दुसऱ्या दिवशी संस्थेचे सेक्रेटरी आले. मुख्याध्यापिकांच्या खोलीत आम्ही सगळ्या शिक्षिका उभ्या. नरसम्माला विचारलं, ढीग पलीकडे का टाकलास. ती म्हणाली, "बाईंनी सांगितलं, टाकला." कुठल्या बाईंनी, असं विचारल्यावर तिने जमिनीकडे पाहिलं आणि शेवटपर्यंत मान वर केली नाही. तिची नोकरीही माझ्यासारखीच होती, दर जूनला नवा कागद.

बिराजदारबाई म्हणाल्या, "मी गुरुवारी निघताना देसाईबाईंना सांगून गेले होते. ढीग पुरायचा आणि भिवाला कळवायचं."

सेक्रेटरींनी देसाईबाईंकडे पाहिलं. देसाईबाई पेनाचं टोपण उघडत आणि लावत होत्या. त्या म्हणाल्या, "मला असं काही सांगितल्याचं आठवत नाही."

बिराजदारबाई देसाईबाईंकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. शिकवलेलं गणित मुलीने फळ्यावर चुकवलं की त्या जशा वाट बघायच्या, तिचं तिला कळेल म्हणून, तशा बघत होत्या. देसाईबाईंनी टोपण लावून पेन खाली ठेवलं.

"तुम्ही सांगितलं तेव्हा तिथं दुसरं कुणी होतं?" सेक्रेटरींनी विचारलं.

बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मला जूनचा कागद दिसत होता, अकलूजला माझ्या पगाराची वाट बघणारं घर दिसत होतं. मी समोरच्या भिंतीवरच्या नकाशाकडे पाहू लागले.

"नाही," बाई म्हणाल्या. "आम्ही दोघीच होतो."

बाईंना मेमो मिळाला, सर्व्हिस बुकात नोंद झाली. आणि शाळेच्या हद्दीतली सगळी कण्हेर उपटून टाकावी असं ठरलं.

उपटायला मजूर आले त्या दिवशी बाईंचा नववीवर तास होता. बाहेर पहारीचे घाव पडत होते. एक मुलगी खिडकी लावायला उठली. "असू दे," बाई म्हणाल्या आणि पचनसंस्थेचं चित्र पूर्ण केलं. मधल्या सुट्टीत त्या पदर खोचून बाहेर गेल्या. मजुरांनी झुडपांचा ढीग करून काडी लावायची तयारी केली होती. बाईंनी ती थांबवली, कारण सांगितलं, खड्डा मोठा करून घेतला, आणि शेवटची फांदी मातीखाली जाईपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या. मग सगळ्या मजुरांना नळावर नेऊन साबणाने हात धुवायला लावले. त्या चौतीस झुडपांची मुळं इतकी खोल गेली होती की दोन दिवस लागले.

त्याच आठवड्यात एकदा देसाईबाई प्रयोगशाळेत आल्या. मी शेजारच्या वर्गात होते, मधलं दार उघडं होतं.

"महादेवी, मला खरंच आठवलं नाही गं त्या वेळी. घाबरले होते मी."

"बरं."

"नोंद काढून टाकायला सांगेन मी. कायम झाले की लगेच सांगेन."

"देसाईबाई, माझा तास आहे आता," बिराजदारबाई म्हणाल्या.

मलाही त्यांनी सोडलं नाही. म्हणजे बोलल्या काहीच नाहीत. पण त्या बुधवारनंतर मी त्यांच्यासाठी 'सुमन' राहिले नाही. "तुम्ही सहावीच्या वह्या बघितल्या का?" असं विचारायच्या. तीन वर्षांच्या 'अगं'नंतर ते 'तुम्ही' मला रोज नव्याने ऐकू यायचं. एप्रिलमध्ये निकाल लावून, प्रयोगशाळेच्या किल्ल्या टेबलावर ठेवून त्या आईकडे दुधनीला गेल्या, त्या परत आल्या नाहीत. निरोपसमारंभ नको, असं आधीच कळवलं होतं. नोंद काही कुणी काढली नाही. जूनमध्ये मला माझा कागद मिळाला, पुढच्या वर्षी मी कायम झाले.

मधल्या वर्षांत मी माझी एक समजूत करून घेतली होती. बाईंनी त्या दिवशी माझं नाव घेतलं नाही, कारण माझी नोकरी कच्ची होती. त्यांनी मला वाचवलं. 'तुम्ही' म्हणत होत्या ते दुखावल्यामुळे, पण मनातून त्यांनी मला पोटाशी धरलं होतं. ही समजूत मी इतकी जपली की नवऱ्यालाही ती तशीच सांगितली, एका थोर बाईंची गोष्ट म्हणून.

एकोणऐंशीच्या मे महिन्यात सोलापूरच्या एसटी स्टँडवर त्या मला दिसल्या. केस पुरते पांढरे झाले होते. आईचं औषध घ्यायला आल्या होत्या. आई अजून होती. अक्कलकोट-दुधनी गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. त्यांनी माझ्या मुलीचं नाव विचारलं, सासर कुठलं विचारलं. सगळं नीट, सगळं 'तुम्ही' म्हणून. गावात त्या चार मुलींना घरी शिकवत होत्या. देसाईबाईंचं मी काही सांगायला गेले, तर त्यांनी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचायला घेतली.

गाडी लागली. खिडकीची जागा मिळाली त्यांना. मी खाली उभी. एवढी वर्षं धरून ठेवलेलं मग माझ्या तोंडून निघालं. "बाई, त्या दिवशी तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. मी कधी आभार मानले नाहीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना खरोखरच नवल वाटलेलं दिसलं.

"आभार कशाचे?" त्या म्हणाल्या. "मी नाव घेतलं असतं आणि तुम्हीसुद्धा म्हणाला असतात, आठवत नाही म्हणून. मग? एका सकाळी दोनदा ऐकायची माझी तयारी नव्हती."

मी म्हणायला हवं होतं की मी तसं म्हणाले नसते. मी विचारलं, गाडी दुधनीला किती वाजता पोचते. त्या माझ्या तोंडाकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मग कंडक्टर आला, त्यांनी तिकीट काढलं आणि औषधाची पिशवी खिडकीतल्या उन्हातून उचलून मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली. गाडी मागे सरकून वळली तेव्हा त्या समोर बघत होत्या.